हस्तलिखित आमच्याकडं येतं तेव्हा

(एका लहान प्रकाशनाच्या संपादक म्हणून अंबाजोगाईत नव्या लेखकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मघाशी जिना चढताना एका मुलानं मला थांबवलं. हातात स्पायरल केलेलं जाडजूड बाड होतं. म्हणाला, "बाई, छापायला किती लागतील?" मी विचारलं, "आधी कुणी वाचलंय का?" तर म्हणाला, "नाही, पुस्तक झालं की वाचतील." तो इथंच बसलाय. आज मी जे बोलणार आहे ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

"किती लागतील" हे मीसुद्धा विचारलं होतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एका प्रकाशकाला कथा पाठवल्या आणि आठव्या दिवशी उत्तर आलं. कथा आवडल्या, संग्रह काढू, खर्च लेखकानं करायचा. कोणती कथा आवडली, का आवडली, याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं, पण ते माझ्या ध्यानातच आलं नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून पैसे भरले. चार महिन्यांनी एसटीच्या पार्सलनं गठ्ठे आले. स्टँडवरच एक गठ्ठा सोडून पहिली प्रत उघडली. अकराव्या पानावर माझ्या नायिकेचं नाव सुमन होतं आणि सोळाव्या पानावर सुनंदा. लिहिता लिहिता मी नाव बदललं होतं आणि मागं जाऊन दुरुस्त करायचं राहिलं होतं. चूक माझीच. पण ते पुस्तक छापण्याआधी एकाही माणसानं वाचलेलं नव्हतं, हे मला त्या स्टँडवर उभ्या उभ्या कळलं. उरलेले गठ्ठे आमच्या माजघरात होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली.

पुढं आम्ही तिघांनी मिळून प्रकाशन सुरू केलं, ते या एका गोष्टीपायी. आमच्याकडं गोदाम नाही, विक्रेत्यांची साखळी नाही. वर्षाला चार, फार तर पाच पुस्तकं काढतो. कवितेच्या तीनशे प्रती, कथा-कादंबरीच्या पाचशे. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यानं छापलं जातं, त्यामुळं पानं 128 वरून 131 झाली तरी आमच्या पोटात गोळा येतो, कारण तीन पानांसाठी आख्खा फर्मा वाढतो. इतक्या लहान संसारात आम्ही लेखकाला काय देऊ शकतो? एकच गोष्ट. तुमचं लेखन आम्ही तिघं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, निवडलं तर त्यावर तुमच्यासोबत बसतो आणि तुमच्याकडून पैसा घेत नाही.

आपल्या भागात हे काम नवं नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चालायचा, वरच्या वर्गांतलं शिक्षणही उर्दूतून व्हायचं, त्या काळात, 1943 साली, मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. पुढं औरंगाबादहून गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक अनेक दशकं चालवलं. ज्यांचं लिहिणं दुसरीकडं कुणी उघडूनही पाहिलं नसतं, अशा किती पोरांची पहिली कविता त्यात आली. ज्याला वाचणारा भेटत नाही त्याला शोधून वाचायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आणि आपण बसलोय त्या गावात तर संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला. लिहिणाऱ्याला साधन कमी पडलं म्हणून लिहिणं थांबलं, असं इथं कधी झालं नाही.

आता पाठवायचं कसं, ते सांगते.

फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल आमच्याकडं उघडली की पडद्यावर नुसता अक्षरांचा चिखल दिसतो, आणि ती बदलून घेतली तर 'वाऱ्यावर'चा 'वार्यावर' होतो, वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटतात. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर पहिल्याच दिवशी त्याला हे बजावा. कविता असेल तर वर्डसोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे ओळ तुम्ही नेमकी कुठं तोडलीय ते आम्हाला दिसेल. व्हॉट्सॲपवर एकेक कविता टाकू नका. संगणक नसेल तर हातानं लिहून पाठवा, आम्ही वाचतो. फक्त कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पानांना क्रमांक घाला आणि झेरॉक्स पाठवा. मूळ वही घराबाहेर जाऊ देऊ नका.

सगळं लिहिलेलं पाठवायचं नसतं. दोनशे चाळीस कवितांचं बाड येतं तेव्हा मला त्या कवीची काळजी वाटते. निवड करायचं काम त्यानं माझ्यावर सोडलेलं असतं. साठ-सत्तर कविता काढा. कोणती आधी, कोणती नंतर, हे जमिनीवर पानं पसरून ठरवा. दिवाळी अंकात आलेल्या कथा असतील तर अंकाचं नाव आणि साल शेवटी लिहा. छापून आलेलं लेखन आम्हाला चालतं, पण लपवलेलं चालत नाही.

सोबतचं पत्र हा भाग लोक सगळ्यात वाईट लिहितात. पुरस्कारांची यादी, सत्काराचे फोटो, कुणा मोठ्या माणसाची प्रस्तावना आधीच जोडलेली. प्रस्तावना काढून ठेवा. ती वाचली की मी तुमचं लेखन त्या माणसाच्या डोळ्यांनी वाचायला लागते, आणि मला ते नको असतं. आलेल्या पत्रांपैकी एक माझ्या चांगलं लक्षात राहिलंय. लिहिलं होतं: "मी लातूरला आडतीत हिशेब लिहितो. सौदा निघायच्या आधी तासभर मोकळा असतो, तेव्हा हमालांच्या बोलण्यातलं लिहून ठेवतो. या आठ कथा आहेत. सातवी मला अजून जमलेली नाही, पण काढवतही नाही. हे बाड आणखी कुठं पाठवलेलं नाही." एवढंच. माणूस कोण, लिहितो कधी, आत काय आहे, त्याची शंका कुठं आहे, सगळं पाच ओळींत आलं. शेवटची ओळ तर फारच महत्त्वाची. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी पाठवायला माझी हरकत नाही, पण तसं पत्रात लिहा आणि दुसरीकडं ठरलं तर त्याच दिवशी कळवा. आम्ही तीन महिने एखाद्या बाडावर घालवतो आणि मग कळतं की ते पुस्तक गेल्याच आठवड्यात बाहेर आलंय. त्या तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाचं वाचून झालं असतं.

आता ज्यासाठी मी मुद्दाम आले, ते भाषेचं.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीच्या कथा आमच्याकडं आल्या. आईवडील ऊसतोडीला जाणारे. एका कथेत वाक्य होतं: "आई त्या साली अर्धा कोयता म्हणून गेली." आमचे मुद्रितशोधक अनुभवी, अतिशय कसून काम करणारे, पण त्यांचं सगळं आयुष्य शहरात गेलेलं. त्यांनी समासात पेन्सिलनं लिहिलं, 'अर्धा म्हणजे मोडका? स्पष्ट करावे.' तुमच्यातले निम्मे जण आत्ता मान हलवतायत, म्हणजे तुम्हाला कळलंय. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. त्या कथेत वडील वारल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. रडणं नाही, तेरावा नाही. फक्त हे एक वाक्य. ज्याला कोयता ठाऊक आहे तो वाचक तिथं थबकतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला दोन पानं पुढं गेल्यावर उमगतं, जेव्हा आई मोळी एकटीच डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते आणि खाली उचलून द्यायला कुणी नसतं. त्या जागी 'वडील गेल्यामुळे आई एकटीच ऊसतोडीला गेली' असं कुणी केलं असतं तर? व्याकरणाची एकही चूक झाली नसती आणि कथा मात्र संपली असती.

आम्ही ते वाक्य तसंच ठेवलं. पण खरं सांगते, ते वाक्य टिकलं ते आमच्यातला एकजण बीड जिल्ह्यातल्या केजचा आहे म्हणून. दुसरीकडं कदाचित ते गेलंही असतं. म्हणून माझी विनंती आहे की बाडासोबत एक वेगळा कागद जोडा. त्यावर तुमचे शब्द लिहा: कोपी (ऊसतोड्यांची झोपडी), वाढं (उसाचा हिरवा शेंडा), उचल, जे असतील ते, आणि हे बदलू नका असं स्पष्ट लिहा. लातूर-उदगीरकडचं पात्र "काय करलालास" म्हणत असेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यानं तसंच म्हणायला हवं. निम्म्या पुस्तकात 'करलालास' आणि निम्म्यात 'करतोयस' असेल तर संपादकाला वाटतं की ही चूक आहे, आणि मग तो सगळं सारखं करून टाकतो. निवेदन कोणत्या भाषेत आणि संवाद कोणत्या, हे आधी तुमचं तुम्ही ठरवा. दोन्ही बोलीत असलं तरी चालेल. ठरवलेलं आहे हे मात्र दिसलं पाहिजे.

नुसती बोली आली म्हणून कथा चांगली होते असंही मी म्हणत नाही. दर तिसऱ्या बाडात हल्ली दुष्काळ, भेगाळलेली जमीन आणि झाडाला दोर असतो. दुष्काळ आपण भोगलाय. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण त्या पाण्याच्या रांगेत तुमची घागर कितवी होती, पुढं कोण होतं, त्याच्याशी तुमचं भांडण होतं का, हे तुम्हीच लिहू शकता. भेगाळलेली जमीन वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसतेच.

करारावर थोडक्यात बोलते, पण नीट ऐका, कारण इथं आपली माणसं लाजतात. "सर एवढं पुस्तक काढतायत, त्यांना कागद कसा मागायचा?" मागायचा. कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे आणि त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशकानं हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते तुमच्याकडं परत येतात. तुमच्या लेखनाचा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. तेव्हा 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशा ओळीखाली सही करताना तुमच्या नातवंडांचाही विचार करा. ऑडिओ, ई-पुस्तक, अनुवाद, चित्रपट, प्रत्येकाचा वेगळा उल्लेख करून घ्या. आमच्या करारात फक्त मराठी छापील आवृत्ती असते, बाकी सगळं लेखकाकडं राहतं.

आयएसबीएनचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. पुस्तकाच्या ओळखीचा तो तेरा आकडी क्रमांक आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. प्राध्यापक मंडळींना तो बढतीसाठी लागतो हे मला माहीत आहे, पण त्यावरून पुस्तकाचा दर्जा कळत नाही. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथंही हस्तलिखित पाठवा. मंडळाकडं ते तज्ज्ञ वाचतात.

उरलं वाट पाहणं. पोच आठ दिवसांत देतो, उत्तर तीन-चार महिन्यांत. मधे फोन करून "वाचलं का" विचारू नका, आणि चार महिने उलटले तर मात्र बिनधास्त विचारा, कारण मग चूक आमची आहे. नकार देताना आम्ही कुठल्या पानावर थांबलो आणि का, ते लिहितो. काहींना राग येतो. एका काकांनी तर आमचं पत्र फाडून, त्याच पाकिटात घालून परत पाठवलं. मी ते तुकडे जुळवून पुन्हा वाचले आणि मला दिसलं की माझं एक वाक्य खरंच उद्धट होतं. तेव्हापासून नकाराचं पत्र आम्ही लिहून एक रात्र ठेवतो आणि सकाळी पुन्हा वाचूनच टपालात टाकतो.

आडतीतल्या त्या मुलाला आम्ही पहिल्यांदा नकारच दिला होता. आठातल्या तीन कथा चांगल्या होत्या, तीन कथांचं पुस्तक होत नाही. सातवीबद्दल मी लिहिलं की तुमची शंका बरोबर आहे, हमाल मालकाशी जे बोलतो ते तुमचं आहे, तुम्ही ते त्याच्या तोंडात घातलंय, तो मालकासमोर इतकं बोलणार नाही. दोन वर्षं काही आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात नवं बाड आलं, नऊ कथांचं. सातवी तशीच सातव्या जागी होती, पण आता तो हमाल आख्ख्या कथेत मालकाशी तीनच शब्द बोलतो आणि बाकी सगळं पाठीवरच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, ऐकवतो. त्याचं प्रूफ आज माझ्या पिशवीत आहे, परतीच्या गाडीत वाचायचं आहे.

आता चहा आलाय. जिन्यावर भेटलेल्या मुलानं त्याचं बाड घेऊन इकडं पुढं यावं. सगळं नको, पहिली दोन पानं मोठ्यानं वाच, आम्ही ऐकतो.