हॉप्सचं पुरुमेंत

(दृश्य: गोव्यातल्या फोंड्याजवळचं कौलारू घर. माळ्यावर भरण्या, आढ्याला कांद्याच्या माळा.)

मे महिना आला की आमच्या घरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल उडायची. सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे बाजारातून यायचे. मिरच्या आणि सोलां (आमसुलं) अंगणात कडकडीत वाळायची. भरणीचं तोंड फडक्याने बांधताना आई दरवर्षी बजावायची, "ओलो हात लावू नाका." पावसाचे चार महिने त्या भरण्यांवर निघायचे.

घरी बिअर करायला लागलो तेव्हा हॉप्सही, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलंही, अशीच भरून ठेवता येतील असं मला वाटलं. कास्केड नावाच्या जातीचे किलोभर हॉप्स मागवले; ते झिपच्या पिशवीत घातले आणि फ्रिजच्या दारात ठेवले. श्रावणात पिशवी उघडली, तर संत्र्याच्या सालीसारख्या त्या सुरेख वासाच्या जागी शिळ्या चीजचा, घामट मोज्यांचा वास. सगळं फेकावं लागलं. फार हळहळलो.

(दृश्य: तळहातावर हॉप्सच्या हिरव्या गोळ्या. बोटांनी चुरल्यावर पिवळी पूड.)

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं; ती वाळवून, दळून, दाबून या गोळ्या करतात. आतली ही चिकट पिवळी पूड म्हणजे ल्युप्युलिन. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध दोन्ही हिच्यातले. वेलीला उन्हाळ्याचे लांबलचक दिवस लागतात; आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा. भारतात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होते. आमच्याकडे येणारा माल मात्र जर्मनीतल्या हालरटाऊचा, नाहीतर अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्याचा. तिथे तोडणी वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे मे महिन्यात सुटं पाकीट घेतलं, तरी आतला माल आठ महिन्यांचा असतोच. ते आठ महिने त्याने थंडीत काढले की दुकानाच्या फळीवर, हे आपल्याला कळत नाही. म्हणून नवं पीक बाजारात आलं की एकदम घ्यायचं आणि आपल्या देखरेखीखाली ठेवायचं, असं आता आम्ही करतो. पाकिटावर पॅकिंगची तारीख नव्हे, तोडणीचं वर्ष बघायचं.

(दृश्य: चौघे मित्र, पाच किलोची चंदेरी पिशवी, वजनकाटा.)

आम्ही चौघे मिळून पाच किलो घेतो. वीस लिटरच्या खेपेला पेल एल या साध्या बिअरसाठी ५०-६० ग्रॅम पुरतात, आयपीए या जास्त हॉप्सच्या बिअरला १०० ते २०० लागतात. एकट्याने एवढी पिशवी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती संपत नाही.

हॉप्सना हवा, ऊब आणि उजेड तिन्ही बाधतात. साध्या प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, म्हणून अॅल्युमिनियमचा थर असलेली पाकिटंच हवीत. एक ढोबळ हिशेब सांगतात: तापमान १५ अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग निम्म्यावर येतो. आमच्या खोलीतले ३० अंश कुठे आणि फ्रीझरमधले उणे १८ कुठे! वेग जवळपास नऊ पटींनी मंदावतो.

मोठी पिशवी फोडायची ती एकदाच, कोरड्या दिवशी. शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं, हवा ओढून सीलबंद. वर जात, तोडणीचं वर्ष आणि अल्फा आम्लाचं (ज्याच्यामुळे कडवटपणा येतो) प्रमाण लिहायचं. हा आकडा पुढे कामी येतो, कारण साठवणीत तो उतरत जातो: दहा टक्क्यांचं आठवर आलं असेल, तर पन्नास ग्रॅमच्या जागी साडेबासष्ट लागतील.

(दृश्य: जून. कौलांवरून पागोळ्या. फ्रीझरमधल्या मासळीशेजारी चंदेरी पाकिटं.)

पावसात वीज जाते. तेव्हा फ्रीझरचं दार उघडायचं नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की थंडी बराच वेळ टिकते. आणि जे पाकीट पुन्हा बंद करून ठेवायचं आहे, ते थंडगार असताना फोडायचं नाही. गोव्याच्या दमट हवेत गोळ्यांवर लगेच दव धरतं. बंदच बाहेर ठेवायचं, खोलीच्या तापमानाला आलं की उघडायचं.

आज तसंच एक पाकीट तासाभरापूर्वी ओट्यावर काढून ठेवलंय. आईने ते उचलून बघितलं, पुसलं आणि मला विचारलं, "हात सुके आसात मरे तुजे?"

(दृश्य: कात्री. पाकिटाचा कोपरा कापला जातो.)