घोडा, डंडी की कंडी?

श्रोतेहो, नमस्कार.

केदारनाथचे दरवाजे कधी उघडणार, ती तारीख महाशिवरात्रीला ऊखीमठात जाहीर होते आणि आपल्याकडे घरोघरी बेत सुरू होतात. या वर्षी आई-बाबांना न्यायचंच, असं ठरतं. गाडीची तिकिटं काढली जातात, यात्रेची नोंदणी होते, स्वेटर-कानटोप्या येतात. पण जिथून पायवाटेची चढण सुरू होते, त्या गौरीकुंडापासून वर कसं जायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलेला असतो. तिथे पहाटे थंडीत, गर्दीत, चारही बाजूंनी ‘घोडा चाहिए?’ असे पुकारे चालू असताना कुणाला काही सुचत नाही. म्हणून हे आजच बोलू या.

गौरीकुंड साधारण १,९८० मीटर उंचीवर आहे आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. अंतर १६ किलोमीटर. २०१३ च्या जूनमधल्या महापुराआधी ते १४ होतं. त्या पुरात रामबाडा हे वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण वाहून गेलं. आता वाट तिथे मंदाकिनी नदी ओलांडते आणि समोरच्या डोंगरावरून लिंचोलीकडे चढते. खरा दम लागतो तो याच टप्प्यात.

घोडा म्हणतात, पण त्यातली पुष्कळशी जनावरं खेचरं असतात. दगडी वाटेवर खेचराचं पाऊल पक्कं पडतं. चढावर आपण पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं, आणि रिकिबीतून पाय काढायचे नाहीत. खेचर दरीच्या कडेने चाललं की पोटात गोळा येतो. त्याला पाठीवरचं ओझं कड्याला घासू नये म्हणून बाहेरून चालायची सवय असते. लगाम ओढून त्याला आत वळवू नका. जे चालत जाणार आहेत त्यांनी मात्र कायम डोंगराच्या अंगाने चालावं. घोड्यांचा तांडा आला की दरीकडे सरकणं जिवावर बेतू शकतं.

गुडघे दुखतात म्हणून आईला घोड्यावर बसवू, असं पुष्कळजण म्हणतात. पण तासन्‌तास खोगिरावर बसणं कंबरेला आणि मांड्यांना सोपं नाही, आणि उतरताना तर प्रत्येक पावलाला हिसका बसतो. मणक्याचं दुखणं असेल, तोल जात असेल, तर डंडीच करा. डंडी म्हणजे दांड्यांवर बांधलेली खुर्ची. ती चार माणसं खांद्यावर नेतात. कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, एकच माणूस वाहतो. ती मुलांसाठी आणि अगदी हलक्या अंगाच्या माणसांसाठी. घोडा मंदिराच्या दारापर्यंत जात नाही, अलीकडे घोडा पडावावर उतरून पुढे चालावं लागतं, हेही आईला आधीच सांगून ठेवा.

बसून जाणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा थंडी जास्त वाजते, कारण अंग हलत नाही. रेनकोट अंगावरच ठेवा. छत्री उघडली की जनावर बुजतं. आणि घोड्यामुळे पाय वाचले तरी विरळ हवेपासून सुटका नाही. उलट आपण काही तासांत १,६०० मीटर वर येतो आणि शरीराला जुळवून घ्यायला सवडच मिळत नाही. डोकं ठणकलं, मळमळलं, दम लागला, तर हट्ट न करता खाली या.

आता एक गोष्ट, जी मला फार मनापासून सांगायची आहे. आपल्या आज्या म्हणतात, ‘देवाला जायचं ते आपल्या पायांनी. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून कसलं पुण्य?’ आणि मग लाजेपोटी झेपत नसताना चालतात. त्यांना सांगा, केदारनाथाची उत्सवमूर्तीही डोलीतूनच जाते. हिवाळ्यात ती ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात असते. तिथून पंचमुखी डोली निघते. गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करत खांद्यांवरून वर पोहोचते. भाऊबीजेला दरवाजे बंद झाले की तशीच परत येते. आपल्याला पालखीचं अप्रूप काय सांगायचं! तेव्हा वाहून नेलं जाण्यात कमीपणा नाही. मात्र ज्याच्या खांद्यावर बसलो, त्याची फिकीर आपणच करायची.

कंडीवाल्याकडे एकदा नीट बघा. टोपलीचा पट्टा त्याच्या कपाळावर असतो. हातात आखूड काठी, वर आडवी मूठ. थांबायचं झालं की तो खाली बसत नाही. ती काठी टोपलीखाली टेकवतो, उभ्यानेच चार श्वास घेतो आणि पुन्हा निघतो. यांतले पुष्कळजण नेपाळहून हंगामापुरते आलेले असतात. त्यांना घाई करू नका. वजन खरं सांगा. आपण चहा घेतला तर त्यांनाही विचारा.

दर प्रशासन ठरवतं. प्रीपेड काउंटरवरच पैसे भरा, नोंदणी असलेलाच माणूस घ्या आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत पावती हातची सोडू नका. घोडा घेताना त्याच्याकडेही बघा: लंगडतोय का, खोगिराखाली जखम आहे का, तोंडाला फेस आहे का. तसं असेल तर दुसरा मागा. २०२२ च्या हंगामात या वाटेवर फार जनावरं दगावली. २०२५ मध्ये घोड्यांचा इन्फ्लुएन्झा पसरला, तेव्हा काही काळ त्यांची ये-जा बंद ठेवावी लागली. दमलेलं जनावर दिवसातून दुसऱ्यांदा चढवलं जातं, कारण आपल्यापैकी कुणीतरी त्यावर बसायला तयार होतं. पाण्याच्या हौदापाशी मालक थांबला तर कुरकुर करू नका, आणि अंधार पडल्यावर घोडा घेऊच नका.

गौरीकुंडाच्या अलीकडच्या सोनप्रयागहून केदारनाथपर्यंत रोपवे व्हायचा आहे, १२.९ किलोमीटरच्या त्या कामाला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत, हेलिकॉप्टर सोडलं तर, हीच वाट आहे. तेव्हा आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा, कंबर कशी आहे, घोड्यावर बसवेल का, की डंडी करायची. आणि डंडी ठरली तर तिचे पैसे खर्चाच्या हिशेबात आत्ताच वेगळे काढून ठेवा.

नमस्कार.