ओटीच्या चादरीतून ईटीपीच्या टाकीत

हा बुडबुड्यांचा आवाज हॉस्पिटलच्या मागच्या बाजूचा, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांचा. इकडे पेशंट येत नाही, नातेवाईकसुद्धा पार्किंग शोधताना चुकले तरच.

आज बघायचंय ते कपड्यांतून सुटून इथवर येणारं बारीक प्लॅस्टिक, पण सुरुवात लॉन्ड्रीतून करू. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या चादरी, स्क्रब, गाऊन, बरेचसे पॉलिएस्टर मिक्स, म्हणजे अर्धेमुर्धे प्लॅस्टिकचेच धागे, गरम पाण्यात गरगरतायत. दादांनी ड्रायरची जाळी काढून बोटाने खरवडली तर हा राखाडी थर, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा. हा निदान हाताला लागला. वॉशिंगच्या पाण्याबरोबर गेलेला कुठे लागतोय.

आता ही बाटली, ईटीपीच्या तोंडाशी भरलेली. लॅबमध्ये आधी हायड्रोजन पेरॉक्साईड टाकलं, म्हणजे बरीचशी सेंद्रिय घाण जिरते, मग झिंक क्लोराईडचं जड द्रावण, त्यात प्लॅस्टिक वर येतं, माती खाली बसते, मग ते गाळून कागदावर नाईल रेडचे थेंब, हा प्लॅस्टिकला चिकटून चमकणारा रंग. आणि लाईट बंद करून निळा टॉर्च मारला की... हे बघा. वापरून टाकायच्या मास्क-गाऊनचं पॉलिप्रॉपिलीन लख्ख चमकतं, पॉलिएस्टर बिचारं जरा मंद. 5 मिलिमीटरच्या आतलं ते सगळं मायक्रोप्लॅस्टिक, हे तर केसाहून बारीक.

2022 मध्ये नेदरलँड्सला 22 पैकी 17 रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडलं, एवढं सांगून पुढे जाऊ.

काढायचं कसं? तुरटीने. ढवळलं की दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात, त्यात कण अडकून खाली बसतात. उरलेल्यासाठी वाळूचा फिल्टर. फिनलंडमध्ये 2017 च्या अभ्यासात शहरी सांडपाण्यातलं 97 टक्के वाळूने अडवलं, मेम्ब्रेन बायोरिअॅक्टरने, म्हणजे जिवाणूंची टाकी आणि अगदी बारीक छिद्रांचा पडदा, 99.9. मेम्ब्रेन महाग हो, पण वाळूची टाकी इथे आधीच उभी आहे, फक्त बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, वेळेवर हवा!

आणि हे रजिस्टर. पीएच, बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं), सगळे रकाने भरलेले. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात तर सोडलेल्या पाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत हवेत, इतकं बारीक लिहिलंय, पण मायक्रोप्लॅस्टिकचा रकानाच नाही. मग मोजणार कोण.

काका बॅकवॉशचा व्हॉल्व्ह फिरवतायत. पाइपच्या काचेतून पाणी आधी चहासारखं, मग कोकम सरबतासारखं फिकट, मग नितळ.

"हे वाळू धुतलेलं पाणी कुठे जातं काका?"

"परत पहिल्या टाकीत. गाळ खाली बसला की तो गोणीत भरतो, जाळायला जातो."