पहिला प्रश्न पिशवीचा

[दृश्य: कागद, बॉलपेन, काकांचा हात]

‘खिडकीतून डोंगर दिसतो.’ काका रोज हे एकच वाक्य लिहितात. सोमवारचं अक्षर पाहा, सुबक आणि सरळ. जन्मभर एसटीचं वेबिल भरलेला हात आहे हा. बुधवारी ओळ खाली घसरली. गुरुवारी ‘खिडकी’च्या पुढे नुसत्या रेघोट्या.

ही शुद्धलेखनाची वही नव्हे, मेंदू ताळ्यावर आहे का याची रोजची तपासणी आहे. सिस्टर आधी साल, महिना, गाव, हॉस्पिटल विचारतात. पेन, घड्याळ, बटण दाखवून नावं विचारतात. एखादी साधी सूचना पाळायला सांगतात, वाक्य लिहून घेतात, आणि मग शंभरापासून दहा-दहा उलटे. सगळं जमलं तर १० पैकी १०. सुटे पैसे मोजण्यात हयात गेलेले काका गुरुवारी सत्तरावर अडकले.

[दृश्य: नळीतून फिरणारं रक्त]

काकांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. किमो दोनदा झाली, गाठी पुन्हा आल्या. मग या मशीनने त्यांच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढल्या आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडलं. लॅबमध्ये विषाणूच्या मदतीने त्या पेशींत नवं जनुक घातलं. आता त्या कॅन्सरच्या पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखून त्यांना हुडकून मारतात. या उपचाराचं नाव कार-टी थेरपी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. आपल्या देशात घडलेली ही पहिली कार-टी थेरपी.

[दृश्य: गोठवलेली पिशवी, पांढरी वाफ]

एवढ्या खटाटोपाची ही एवढीशी पिशवी. शिरेतून जायला काही मिनिटं पुरतात.

त्यानंतर ताप. मग मेंदूवर परिणाम, म्हणून त्या रेघोट्या. स्टेरॉइड दिल्यावर रविवारी डोंगर पुन्हा ओळीत आला.

[दृश्य: पेट स्कॅन, आधीचा आणि नंतरचा]

कॅन्सरचे चमकणारे ठिपके गेले. स्कॅनचं काम इथे संपतं. पण माणूस कसा जगतोय, हे स्कॅनला कुठून कळणार? त्यासाठी हा ३० प्रश्नांचा फॉर्म. पेशी देण्याआधी एकदा भरून घेतला, नंतर ठरावीक महिन्यांनी पुन्हा पुन्हा. झोप लागते का, दम लागतो का, चिंता वाटते का; अठ्ठाविसावा प्रश्न पैशाच्या ओढाताणीचा. झुमा-७ या आंतरराष्ट्रीय चाचणीत हाच फॉर्म वापरला होता. शंभराव्या दिवशी कार-टीवाल्यांची उत्तरं नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा चांगली निघाली.

जंतुसंसर्गाची भीती राहते, काहींचा आजार उलटतो, खर्च लाखांत जातो.

[दृश्य: स्वयंपाकघर, टेबलावर फॉर्म]

तिसरा महिना. पहिला प्रश्न: जड पिशवी उचलण्यासारखं कष्टाचं काम करताना त्रास होतो का? चार पर्याय आहेत. काका चष्मा पुसतात, दोनदा वाचतात आणि ‘अजिबात नाही’वर गोल करतात.

[दृश्य: चाळीचा जिना. काका पुढे, कठड्याला धरून. भाजीची पिशवी काकूंच्या हातात.]