मोने आणि क्षितिजाची रेघ

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गचित्र काढायला बसलं, की बहुतेकांची पहिली रेघ क्षितिजाची असते. वर आभाळ, खाली जमीन. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं ही रेघ वर वर सरकवत नेली आणि शेवटी चित्राबाहेर काढली. निसर्गचित्रकार मोने भिंती सजवण्याकडे कसा वळला, ते या रेघेच्या मागे गेलं की कळतं.

१८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मध्ये क्षितिज धुक्यात विरलंय, पण आहे. १८७४ च्या प्रदर्शनात एका समीक्षकानं टर उडवली, की यापेक्षा भिंतीला चिकटवायचा कागदसुद्धा जास्त पुरा झालेला असतो! ते वाचून मला आजही राग येतो. पुढे भिंतीसाठीच मोनेनं आपलं सर्वांत मोठं काम केलं.

जिव्हर्नी गावातल्या आपल्या घराजवळ जागा घेऊन त्यानं तळं करवलं, त्यात वॉटर लिली लावल्या. १८९९ च्या चित्रांत तळ्यावरचा पूल आहे, मागे झाडं आहेत. नंतर पूल गेला, काठही गेला. उरलं नुसतं पाणी, आणि आभाळ दिसतं ते त्या पाण्यातच.

हे सगळं मोतीबिंदूमुळे झालं, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. डोळ्यांचा परिणाम रंगांवर झालाच. पण मोतीबिंदूचं निदान १९१२ चं, आणि गोल खोलीत भिंतभर पाणी रंगवायचा बेत त्यानं १८९० च्या दशकातच बोलून दाखवला होता.

पहिलं महायुद्ध थांबलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून आपली चित्रं देशाला देऊ केली. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आज ती आहेत: दोन लंबगोल दालनं, वळणाऱ्या भिंतींवर आठ चित्रं, दोन मीटर उंच आणि मिळून जवळजवळ शंभर मीटर लांब. जवळून पाहिलं तर थरावर थर चढलेले रंगाचे फटकारे. जांभळ्यावर हिरवा, मध्येच गुलाबी ठिपका. चार पावलं मागे सरलं, की त्या ठिपक्याचं फूल होतं आणि उभ्या फटकाऱ्यांतून विलोच्या फांद्या लोंबू लागतात. हे पाहून सजावटीचं काम दुय्यम असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोने डिसेंबर १९२६ मध्ये गेला आणि मे १९२७ मध्ये दालनं खुली झाली. बरीच वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमूर्त चित्रं काढणारी पिढी आली, तेव्हा कुठे या भिंतींकडे पुन्हा लक्ष गेलं.