फ्लायट्रॅपला पाणी कुठलं घालाल?

नमस्कार श्रोतेहो. नर्सरीतून हौसेनं आणलेलं व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडणारं झाड, दोन-तीन महिन्यांत काळवंडलं, की आपण पुण्याच्या हवेला बोल लावतो. पण बहुतेक वेळा घात होतो तो कुंडीखालच्या बशीत.

हे झाड अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीचं. तिथली जमीन पाणथळ, रेताड, आम्लधर्मी आणि इतकी निकस, की नत्रासाठी झाडाला किडे धरावे लागतात. अशा जमिनीतल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी घातलं, की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत साठत राहतात. पाणी उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाईल. क्षार जात नाहीत, उकळल्यावर उलट दाटच होतात.

म्हणून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. आकडा 50च्या आत असला तर उत्तम. 100च्या वर गेला, तर ते पाणी तुळशीला घाला. नळाचं पाणीही मोजूनच ठरवा. आरओच्या पाण्यात एक गोम आहे. घरच्या बऱ्याच मशिनांत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे तेही मोजा. आणि मशिनच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर जातं, जे आपण काटकसरीनं बागेला वळवतो, ते या झाडाला विषासारखं. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं, आणि ते फुकट आहे. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग पागोळ्यांखाली बादली लावा. एका चार इंची कुंडीला पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने काढायला साधारण वीस लिटरचे दोन कॅन लागतात. कॅन अपारदर्शक घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. बशीत एक ते दोन सेंटिमीटर पाणी राहू द्या. पावसाळ्यात बशी काढलीत तरी चालेल. उलट मुसळधार पावसानं कुंडीतले साठलेले क्षार धुऊन जातात.

आता माती. खरं तर माती नकोच. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, आणि परलाइट, म्हणजे हलके पांढरे खडे, समसमान घ्या, दोन्ही खत न मिसळलेले. दुकानात नुसतं ‘पीट’ मागितलं, तर पुष्कळदा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हातात येतं. त्यात क्षार असतात, ते घेऊ नका. गांडूळखत, शेणखत, बांधकामाची क्रश सँड, यातलं काहीही नको. कोरडं पीट पाणी धरत नाही, म्हणून ते आदल्या रात्री भिजत घाला. कुंडी प्लॅस्टिकची, फिक्या रंगाची आणि खोल घ्या. मातीची कुंडी क्षार शोषते आणि पुढे सोडत राहते.

काचेच्या बंद बरणीत झाड छान दिसतं, पण उन्हात ते त्यात शिजतं. त्याला रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. नर्सरीच्या सावलीतून आणलेलं असेल, तर आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हात न्या. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी 50 टक्क्यांची शेडनेट लावा.

खाऊ घालण्याची घाई नको. गच्चीवर ते आपलं आपण पकडतं. सापळ्यातल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला, की तो मिटतो. पाहुण्यांना दाखवायला बोट घालत बसलात, तर झाडाची शक्ती फुकट जाते. एक सापळा काही मोजक्या वेळाच मिटतो, मग काळा पडतो. किडा सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. पनीर आणि चिकन घातलंत, तर सापळा सडणार.

घटपर्णी, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणारी नेपेंथिस, तिचा हिशोब वेगळा. तिला बशीतलं साठलेलं पाणी नको, हिवाळ्यातली विश्रांतीही नको. मार्चनंतर हवा कोरडी झाली, की नवे घट धरत नाहीत, एवढंच. ड्रॉसेरा, म्हणजे चिकट पानांवर किडे पकडणारी आपली दवबिंदू, साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसते. ती तिथंच बघा, उपटून आणू नका.

फ्लायट्रॅपला मात्र हिवाळ्यात दोन-तीन महिने झोप लागते. डिसेंबरात नवी पानं बारकी निघतात, जुनी काळी पडतात, आणि नेमकं तेव्हाच लोक झाड मेलं समजून फेकून देतात. कुंडी गच्चीवर थंडीत राहू द्या, बशी काढा, पीट फक्त ओलसर ठेवा. थंडी पडलीच नाही, तर झाड उपटून मुळं धुवा, काळी पानं कापा, ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या लांब धाग्यांच्या शेवाळात, गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. दर पंधरा दिवसांनी बुरशी बघा. फेब्रुवारीअखेर ताज्या मिश्रणात लावा. मग फुलाचा दांडा आला, तर तो दोन इंचांचा असतानाच कापा; बी धरताना अशक्त झाड आणखी खंगतं.