लागलं का नाही

मित्रहो, आज मी तुमच्यापुढे फक्त बारा चिनी अक्षरं ठेवणार आहे. ती 'लुन्यू'च्या दहाव्या प्रकरणातली आहेत. कन्फ्यूशियस आणि त्याच्या शिष्यांच्या बोलण्याचं हे पुस्तक इंग्रजीत 'ॲनलेक्ट्स' म्हणून ओळखलं जातं.

तबेल्याला आग लागली. गुरू दरबारातून परतले आणि म्हणाले... इथवर सहा अक्षरं झाली, अडचण काही नाही. उरलेली सहा अशी: लागणं, माणूस, का, नाही, विचारणं, घोडा.

जुन्या चिनी लिखाणात विरामचिन्हं नसत. मराठीत आपण हे जवळजवळ त्याच क्रमाने म्हणू शकतो: 'कुणाला लागलं का नाही विचारलं घोड्यांचं'. आता थांबा कुठे घ्याल? 'कुणाला लागलं का? नाही विचारलं घोड्यांचं.' एक अर्थ झाला. 'कुणाला लागलं का नाही? विचारलं घोड्यांचं.' दुसरा झाला. पहिल्यात गुरूंना माणसांचीच काळजी आहे. दुसऱ्यात आधी माणसं, मग मुकी जनावरं. 'नाही' एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकलं की माणूसच बदलतो.

रूढ वाचन पहिलं. पण तांग काळातल्या लू दमिंग या पंडिताने 'नाही'पाशी थांबणाऱ्या वाचनाचीही नोंद करून ठेवली आहे. मला विचाराल तर मी पहिल्याच बाजूचा. घोडा ही तेव्हा मोठी मत्ता होती. जळलेल्या तबेल्यासमोर उभा राहिलेला माणूस घोड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही, हे पाहणाऱ्याच्या मनाला लागलं असणार. म्हणून तर त्याने ते टिपून ठेवलं. तरीही दुसरं वाचन मी टाकून देऊ शकत नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही एका वाक्यात मावत नाहीत. भाषांतरकाराला एक दार लावून घ्यावंच लागतं.

थेट चिनीतून इंग्रजीत हे काम पहिल्यांदा झालं ते आपल्याच देशात, बंगालमधल्या श्रीरामपूरला. जोशुआ मार्शमन या मिशनऱ्याने 1809 मध्ये लुन्यूचा पहिला भाग मूळ चिनी मजकुरासह छापला. त्याच मिशनच्या छापखान्यातून पुढच्याच वर्षी विल्यम केरीचा मराठी कोश बाहेर पडला, मोडीच्या खिळ्यांनी छापलेला. एकाच आवारात चिनी अक्षरं आणि मोडी! मला त्या जागेचं फार अप्रूप वाटतं.

नंतर आला जेम्स लेग. हा स्कॉटिश मिशनरी. चिनी अभिजात ग्रंथांच्या त्याच्या भाषांतराचा पहिला खंड, ज्यात लुन्यू आहे, 1861 मध्ये हाँगकाँगला निघाला. त्याचं पान तीन मजली आहे: वर चिनी, मध्ये इंग्रजी, खाली बारीक टायपात टिपा. पुष्कळदा टिपा भाषांतरापेक्षा जास्त जागा खातात. ही त्याची सचोटी आहे असं मी मानतो. आपण कुठे थांबलो आणि का थांबलो, याचा हिशेब तो वाचकाला देतो.

'रेन' हा शब्द घ्या. पुस्तकात तो शंभराहून जास्त वेळा येतो. बाराव्या प्रकरणात शिष्य विचारतात, रेन म्हणजे काय? यान युआनला उत्तर मिळतं, स्वतःला आवरून रीतीकडे वळणं. झोंगगोंगला, तुला जे नको ते दुसऱ्यावर लादू नकोस. सिमा न्यूला, बोलताना जीभ जड असणं. फान चीला नुसतं, माणसांवर माया करणं. एका शब्दाची चार उत्तरं, विचारणारा जसा तसं. लेग कुठे 'बेनेव्होलन्स' लिहितो, कुठे 'परफेक्ट व्हर्च्यू'. नंतरचा इंग्रज भाषांतरकार आर्थर वेली 1938 मध्ये 'गुडनेस' घेतो आणि तोच धरून ठेवतो. वेलीचं इंग्रजी जास्त देखणं आहे. पण हा सगळीकडे एकच शब्द आहे, हे वेलीकडे दिसतं आणि लेगच्या मधल्या मजल्यावर हरवतं. म्हणून त्याच्या खालच्या मजल्यावर उतरावंच लागतं.

नेटवर लेग फुकट मिळतो, पण बऱ्याचदा फक्त मधला मजला. तो वाचून कन्फ्यूशियसबद्दल मत बनवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. छापील खंडांचे स्कॅन शोधा, दहावं प्रकरण काढा, आणि त्या तबेल्यापाशी जरा थांबा.